चूलबंद आवतण

बाईंच्या गळ्यात शिट्टी असायची. शाळेत असायची ते ठीकच होतं, कारण मुलींच्या शाळेत त्या पीटी शिकवायच्या. पण घरी स्वयंपाक करतानाही ती गळ्यात असायची, आणि तव्यावरची भाकरी फुगली रे फुगली की बाई ती जोरात वाजवायच्या. नगर जिल्ह्यातल्या अकोल्यात आमच्या आळीत कुणाकडे नवा पाहुणा आला की तो दचकून घराबाहेर यायचा, कुठे आग लागली की काय म्हणून. मग आम्ही त्याला समजावायचो, की काही नाही हो, बाईंची भाकरी फुगलीय, तुम्ही बसा.

हा काय प्रकार, असं मी त्यांना एकदा विचारलं. तर म्हणाल्या, भाकरीनं तिचं काम केलं, आता जेवणाऱ्यानं त्याचं करायला नको? हात धुऊन, मांडी घालून माणूस तयार हवा. ताटात भाकरी निवतेय आणि माणूस गप्पा हाणतोय, हे त्यांना खपत नसे. आमच्या पोस्टमास्तरीणबाई बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. एकदा त्यांच्या पुढ्यातली भाकरी बाईंनी सरळ उचलली आणि म्हणाल्या, तुमचं चालू द्या, मी हिला न्याय देते. पोस्टमास्तरीणबाई चार दिवस फुरंगटून बसल्या. पाचव्या दिवशी शेंगोळ्यांच्या वासानं आपणहून आल्या.

मी लग्न होऊन नगरहून अकोल्याला आले ते सत्तर साल असेल. मॅट्रिक झालेली, जराशी शिष्ट, आणि स्वयंपाकात म्हणाल तर आनंदीआनंद. हे तालुका कचेरीत कारकून. घरी सासू-सासरे, धाकटे भावजी, थोडी शेती, दोन बैल आणि एक सालगडी. आमच्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हणायची पद्धत. बाई आमच्या समोरच्या घरात भाड्यानं राहायच्या. पुढे एक खोली, मागे हे एवढं मोठं अंगण आणि अंगणात तीन दगडांची चूल. उंच, सडसडीत बाई. पाचवारी साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट त्या काळी अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कुणी बाईनं घातले नसतील. पोरं मागून चिडवायची आणि बाई मागे वळून त्यांनाच म्हणायच्या, शर्यत लावतोस का?

वय पंचेचाळिशीच्या पुढे, आणि लग्न केलेलं नाही. आळीला याचं फार दुःख. कुणी म्हणे पत्रिका जुळली नाही, कुणी म्हणे वडील लवकर गेले, आणि कुणी जे म्हणे ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी नवी नवी होते, मला पोच कमी, मी तोंडावरच विचारून टाकलं. बाई लसूण ठेचत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “लग्नाची मला हौस नव्हती असं नाही गं. मागच्या पंगतीची नव्हती.”

मागची पंगत म्हणजे काय ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. आधी पुरुष, मग पोरं, मग आल्यागेल्याचं, आणि सगळं आवरलं की मग घरातल्या बायका. तोवर भाकऱ्या गार, आमटी तळाला गेलेली आणि भाजीच्या भांड्यात नुसता मसाला. आमच्याही घरी तेच होतं. आत्याबाई वाईट होत्या असं मुळीच नाही. त्या स्वतः सगळ्यांत शेवटी बसायच्या, माझ्याही नंतर, आणि आपल्या वाटची भाकरी मोडून माझ्या ताटात टाकायच्या. पण पद्धत ती पद्धत.

बाईंचं भुकेवर एक शास्त्र होतं. त्या म्हणायच्या, भूक दोन प्रकारची. वेळेची भूक घड्याळाला लागते, पायांची भूक माणसाला लागते. त्यांच्या घरी जेवायचं तर पायांची भूक आणावी लागे. ‘चालून आलीस का?’ हा पहिला प्रश्न. समोरच्या घरातून आलीस म्हणजे चालून आलीस असं होत नसे. एकदा शाळा तपासायला नगरहून मोठे साहेब आले. त्यांचं दुपारचं जेवण बाईंकडे ठेवलेलं. साहेब जीपमधून उतरले, टोपी काढली आणि पाटावर बसणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, साहेब, आधी नदीपर्यंत जाऊन या, पाणी छान आहे सध्या. साहेबांना वाटलं ही इथली काही रीत असेल. बिचारे भर उन्हात प्रवरेपर्यंत गेले आणि घामाघूम होऊन परत आले. मग जे जेवले, ते बघून त्यांचा शिपाई माझ्या कानात म्हणाला, साहेब घरी दोन फुलक्यांवर उठतात हो. जाताना साहेबांनी शाळेपेक्षा वांग्याच्या भरताबद्दलच जास्त विचारपूस केली.

आणि पदार्थ म्हणाल तर एका वेळी एकच. भाकरी आणि तो एक पदार्थ, बास. कधी हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे, भरपूर लसणाचे, पातळ रश्शात शिजलेले. कधी नुसतं पिठलं. पण ते असं, की मी नगरला माझ्या आईला पत्रात लिहिलं, मला पिठलं म्हणजे काय ते लग्नानंतर कळलं. आईला राग आला ती गोष्ट वेगळी. आणि बाईंपुढे ‘छान झालंय’ म्हणायची सोय नव्हती. त्या चमचा रोखायच्या आणि म्हणायच्या, छान तर फोटोही येतो, काय लागलं ते सांग. आधी मला काही सांगता येईना. मीठ बरोबर आहे एवढंच म्हणायची. हळूहळू जिभेला वळण लागलं. एकदा मी म्हणाले, बाई, आज लसूण नेहमीपेक्षा जरा जास्त परतलाय, कडवट व्हायच्या आत काढलाय. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं जसं त्या शर्यतीत पहिल्या आलेल्या मुलीकडे बघत असतील. मला त्या दिवशी उगाचच फार आनंद झाला.

आमचा चौघींचा कंपू जमला होता. बाई, मी, पोस्टमास्तरीणबाई आणि शिंपीणकाकू. शिंपीणकाकूंच्या नवऱ्याचं पेठेत शिलाईचं दुकान. काकू बोलायला तिखट, हाताला त्याहून तिखट. त्यांच्या काळ्या आमटीनं माझ्या डोळ्यांतून कितीदा पाणी काढलंय. आम्ही चौघी पहाटे फिरायला जायचो. आता तुम्ही म्हणाल त्यात काय विशेष. अहो, त्या काळी गावात चार बायका नुसत्या चालायला निघाल्या तर लोक विचारायचे, कोण वारलं? त्यामुळे बाईंनी युक्ती काढली. प्रत्येकीच्या हातात पूजेचं ताट, वर रुमाल झाकलेला. लोक म्हणायचे, काय भक्ती आहे, रोज अगस्तीला जातात. अगस्तीच्या देवळात आम्ही जायचोच, देवाला फसवलं नाही. पण रुमालाखाली असायचे धपाटे आणि दह्याची वाटी, आणि देवळाच्या पुढे नदीकाठानं आम्ही चांगले दोन-तीन मैल जायचो. एका वडाखाली बसून खायचं, खिदळायचं आणि उन्हं वर यायच्या आत घरी येऊन चूल पेटवायची. माझी तब्येत त्या वर्षी अशी सुधारली, की माहेरी गेले तेव्हा आईनं ओळखलं नाही असं म्हणत नाही, पण दोनदा बघितलं.

बाई पुढे रिटायर होऊन नगरला गेल्या, आणि तिथेही त्यांनी म्हाताऱ्या बायकांची एक पलटण जमवून ती डोंगरगणला चालत नेली म्हणतात. पण मला त्या आठवतात त्या अकोल्याच्याच, आणि मुख्य म्हणजे त्या कार्तिकातल्या.

दिवाळी झाली होती. बाजरी घरात आलेली, हवा कोरडी, सकाळी गोड थंडी. बाईंनी जाहीर केलं, आता कळसूबाई. सकाळी पहिल्या यष्टीनं राजूरवरून बारीला जायचं, डोंगर चढायचा, वर जेवायचं, संध्याकाळी घरी. सबंध दिवस.

मला जायचं होतं. किती जायचं होतं ते आज सांगून खरं वाटणार नाही. शाळेत असताना भूगोलात घोकलं होतं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई. आणि आता ते माझ्या तालुक्यात होतं आणि मी आडाच्या पलीकडे, नदीच्या पलीकडे काही पाहिलं नव्हतं. शिंपीणकाकूंनी नवऱ्याला नुसतं सांगितलं, विचारलं नाही. पोस्टमास्तरीणबाईंच्या घरी नणंद आलेली होती, त्यांचीही सोय झाली. राहिले मी. मी ह्यांना विचारलं, हे म्हणाले, आईला विचार. मग एका सकाळी आत्याबाई भाकऱ्या करत होत्या, त्यांच्या शेजारी बसून मी विषय काढला.

त्या रागावल्या नाहीत. पिठाचा गोळा हातात तसाच धरून त्यांनी मला विचारलं, “आन् चुलीला कोन बसंल?”

मी म्हणाले, एकच दिवस. त्या म्हणाल्या, एक दिवस म्हणजे दोन्ही वेळचा स्वयंपाक, गड्याची न्याहारी, मामंजींचं दुपारचं, आणि त्यांचे स्वतःचे गुडघे असे. सगळं खरं होतं. पण मी मागच्या दारी जाऊन रडले. पहाटेचं चालणं वेगळं, ते चुलीच्या आधी उरकायचं. सबंध दिवस चुलीकडे पाठ फिरवणं या घरात कधी जमणारच नाही, असं मला दिसायला लागलं होतं. आणि ‘कधीच नाही’ हा शब्द वीस-एकवीस वर्षांच्या बाईला फार लांबचा वाटतो हो.

बाईंना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझ्या सासूबाईंना एकदा माझ्या हातचं जेवू घालते, मग बोलते. आणि इथेच ती चूक झाली.

आमच्या भागात जेवणाच्या आवतणाचे प्रकार असतात. ‘घरटी एक’ म्हणजे घरातल्या एका माणसानं यायचं. आणि ‘चूलबंद’ म्हणजे त्या दिवशी घरातली चूलच पेटवायची नाही: म्हातारेकोतारे, लेकरंबाळं, आलेला पाहुणा, शेतावरचा गडी, सगळ्यांनी जेवायला यायचं. एरवी लग्नाकार्यात पाटलासारखी माणसं देतात असलं आवतण. बाई नगर शहरातल्या. मीही तिथलीच, पण मला हे आत्याबाईंनी शिकवलेलं; बाईंना काही माहीत नाही. झालं असं, की आदल्या आठवड्यात त्यांची दूधवाली गौळण त्यांच्या ओट्यावर पाय पसरून बसली होती. आज निवांत कशी, असं बाईंनी विचारल्यावर ती म्हणाली, आज आमाला चूलबंद हाय. बाईंना तो शब्द असा आवडला, असा आवडला! त्यांनी आपला अर्थ लावला, की बाईमाणसाला एक दिवस चुलीपासून सुट्टी.

झालं. शनिवारी बाई आमच्या दारात आल्या आणि आत्याबाईंना म्हणाल्या, “मावशी, उद्या सकाळी माझ्याकडे तुम्हाला चूलबंद.”

‘तुम्हाला’ म्हणजे मावशींना एकट्यांना, आदरानं, असं बाईंच्या मनात. आत्याबाईंनी ऐकलं, सगळ्या घराला. तसंच बाई पोस्टमास्तरीणबाईंना सांगून आल्या, तसंच शिंपीणकाकूंना. मीही ऐकत उभी होते. मला वाटलं, बाईंना खूळ लागलं, पण बाईच त्या, करतील काहीतरी.

रविवारी ऊन वर आलं तशी बाईंच्या अंगणात माणसं जमायला लागली. मामंजी नवा पटका बांधून, मागे हे, भावजी, सालगडी, प्रत्येकाच्या हातात आपापला तांब्या. पोस्टमास्तर, त्यांची तीन मुलं, नणंद आणि नणंदेची दोन. शिंपीकाकांनी त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांना हाताला धरून आणलं, आणि त्यांच्याकडे कोपरगावचे पाहुणे होते, तेही आले. बाई पदर खोचून बाहेर आल्या, त्यांनी बघितलं, आणि दारातच उभ्या राहून त्या माणसं मोजायला लागल्या. चुलीवर शेंगोळ्यांचं एक पातेलं होतं, पाच बायकांच्या मापाचं.

मी जवळ जाऊन त्यांना हळूच चूलबंदचा अर्थ सांगितला. आधी का नाही सांगितलंस, म्हणाल्या. मी म्हणाले, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. बाईंनी एकदा पातेल्याकडे पाहिलं, एकदा माणसांकडे. आत्याबाई लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट ओढून उभ्या होत्या. घरी आधीच म्हणाल्या होत्या, एकट्या बाईला कसं झेपंल. मला वाटलं, झालं, आता आत्याबाई म्हणणार, अशा वेंधळ्या बाईबरोबर तू डोंगरावर जायचं म्हणतेस?

बाईंनी शिट्टी वाजवली. पोरं आपोआप रांगेत उभी राहिली.

“मंडळी,” बाई म्हणाल्या, “माझी चूक झाली. चूलबंदचा अर्थ मला आत्ता कळला. पण शब्द दिलाय तो दिला. तुमच्या घरच्या चुली आज बंद, म्हणजे त्या चुलींवर राबणाऱ्या बायकांचे हातही बंद. एकीनंही पिठाला हात लावायचा नाही. मग उरलं कोण ते बघा.”

पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. पोस्टमास्तरांना एकाएकी आठवलं, की एक तातडीचं टपाल बघायचंय. रविवार आहे, असं त्यांच्या बायकोनं सगळ्यांदेखत सांगितलं. बाईंनी कामं वाटली. घरोघरून बाजरीचं पीठ आणायला भावजी गेले. आवतण देऊन पीठ मागवल्याची गोष्ट आळीत पुढे वर्षभर चघळली गेली, पण त्या दिवशी कुणाला तेवढी सवड नव्हती. आणखी दगड मांडून दोन चुली झाल्या. शिंपीकाका कांदे चिरायला बसले आणि मान्य करायला हवं, की त्यांच्या हाताला सरळ रेष होती. ह्यांना बाईंनी लसूण सोलायला दिला. कचेरीतल्या कागदावर ज्या गतीनं काम चालतं, त्याच गतीनं तो सोलला जात होता. शेंगोळे होते तेवढेच राहिले, रस्सा मात्र तिप्पट झाला. पण भाकऱ्या? भाकरी थापणार कोण? शिंपीकाकांनी एक थापली, तिला त्यांनी स्वतःच अस्तर म्हटलं.

तेव्हा मामंजी उठले. पटका उतरवून त्यांनी ओट्यावर ठेवला, बाह्या वर केल्या आणि चुलीपुढे बसले. परात बाजूला सारली. पिठाचा गोळा घेतला, पाण्याचा हात लावला, आणि दोन्ही तळव्यांवर फिरवत फिरवत नुसत्या हातावर भाकरी वाढवली. पातळ, गोल, कडेला एक भेग नाही. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, विस्तवाला लावली, आणि ती टम्म फुगली. बाई शिट्टी वाजवायची विसरल्या.

आत्याबाई पुढे आल्या. “तुमाला येती व्हय भाकरी?”

मामंजी दुसरा गोळा करत म्हणाले, लग्नाच्या आधीपासून बैलगाडी घेऊन राजूरकडचा तांदूळ संगमनेरच्या बाजारात न्यायचो. वाटेत मुक्काम पडायचा. तिथं कोण करून घालणार?

“मंग इतकी वर्सं बोलला न्हाई?”

“कुनी इचारलंच न्हाई,” मामंजी म्हणाले.

सगळे हसले, मीही हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. बाईंनी त्यांचा हात धरला आणि त्यांना चटईवर आणून बसवलं, पहिल्या जागेवर. पुरुषांच्या आधी कशी बसू, म्हणून त्या उठायला लागल्या. बाईंनी खांद्यावर हात ठेवून पुन्हा बसवलं. शेजारी आम्हाला बसवलं. मामंजींनी तव्यावरची भाकरी उचलली आणि थेट आत्याबाईंच्या ताटात टाकली. वाफ निघत होती. त्यांनी ती मोडलीच नाही, नुसती दोन्ही हातांनी धरून बसल्या. मग म्हणाल्या, “ऊन ऊन हाय.”

एवढंच म्हणाल्या. या बाईनं त्या घरात हजारो भाकऱ्या थापल्या असतील, सगळ्या दुसऱ्यांच्या ताटात गरम गेल्या. मला भरून आलं, आणि खोटं कशाला बोलू, मामंजींचा रागही आला. एवढी सुंदर भाकरी येणारा माणूस इतकी वर्षं पाटावर बसून वाढून घेत होता. शेंगोळे त्या दिवशी पाणचट झाले होते. पण पुढे कितीही सणवार झाले तरी तसं जेवण मला पुन्हा मिळालं नाही.

बाई त्या दिवशी आत्याबाईंशी डोंगराबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, मी काय बोलू, तुझे सासरे बोलले की.

पुढचे काही दिवस आत्याबाईंनी मामंजींशी अबोला धरला. ताट वाढायच्या, पाणी द्यायच्या, पण शब्द नाही. मामंजी बैलांशी बोलत बसायचे. ह्यांना काही कळेना, आईचं नेमकं काय बिनसलंय. मला कळत होतं, पण मी कशाला मध्ये पडू. मग एका संध्याकाळी मामंजी जेवत असताना आत्याबाई त्यांना म्हणाल्या, येत्या ऐतवारी चूल तुम्ही बघा, आम्हाला डोंगराला जायचंय. मामंजींनी घास खाली न ठेवता मान हलवली, जसं काही ते या वाक्याची वाटच बघत होते.

‘आम्हाला’ म्हणजे कुणाला, ते विचारायची माझी छाती झाली नाही. रविवारी पहाटे मी तयार होऊन बाहेर आले, तर आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या, लुगडं वर खोचून. गुडघ्यांचं काय, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, गुडघे चुलीपुढे बसून दुखतात.

त्यांचं माहेर बारीच्या जरा अलीकडचं. लहानपणी रोज उठून त्यांनी तो डोंगर पाहिलेला, आणि तेराव्या वर्षी लग्न झालं ते एकदाही न चढता. यष्टीत त्या मला आणि पोस्टमास्तरीणबाईंना गोष्ट सांगत होत्या, की कळसू नावाची पोर पाटलाच्या घरी कामाला होती. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, मी भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस तिला तेच काम लावलं, तशी ती तडक डोंगरावर निघून गेली, आणि तिची देवी झाली. शिंपीणकाकू म्हणाल्या, म्हणजे आमच्यातली एखादी आजवर देवी व्हायची राहिली ती भांडी घासल्यामुळे.

चढ सोपा नव्हता. कातळात खोबण्या होत्या, तिथे बाई खाली उभ्या राहून प्रत्येकीला पाऊल कुठे टाकायचं ते सांगायच्या. पोस्टमास्तरीणबाई अर्ध्या वाटेवर म्हणाल्या, मला इथेच सोडून जा, माझ्या मुलांना सांगा. बाईंनी त्यांना एक शेंगदाण्याचा लाडू दिला आणि सांगितलं, दुसरा वर आहे. आत्याबाई पायांतल्या वहाणा हातात घेऊन अनवाणी चढत होत्या. दर थोड्या वेळानं थांबायच्या, दम घ्यायच्या, पण थांबूया असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

वर देवीचं छोटं देऊळ आहे. दर्शन घेतलं. वारा असा, की पदर सांभाळता येईना, मग आम्ही तो सांभाळायचं सोडूनच दिलं. आत्याबाई कड्याजवळ जाऊन बसल्या. मी त्यांच्याशेजारी बसले. खाली गावं दिसत होती, आगपेट्यांएवढी घरं. दुपारच्या स्वयंपाकाची वेळ होती आणि जिकडे तिकडे छपरांतून धूर निघत होता. आत्याबाईंनी बोटानं आपलं माहेर शोधून काढलं. मग कितीतरी वेळ त्या ते धूर बघत राहिल्या.

“बघ,” त्या म्हणाल्या, “समद्यांच्या चुली पेटल्यात. आन् आपुन हितं.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. माझा हात त्यांनी हातात घेतला. त्यांचा तळवा खरखरीत होता आणि वाऱ्यानं गार पडला होता.

“म्या तुला अडीवलं, ते तुज्या रागानं न्हाई गं,” त्या म्हणाल्या. “मला कुनी कदी जा म्हनलं न्हवतं. मंग मला तरी कसं म्हनता यावं?”

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. नव्या सुनेनं सासूच्या खांद्यावर डोकं ठेवायचं, हेही त्या काळी रीतीत बसणारं नव्हतं. बाई आमच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असणार, कारण त्या दुसरीकडे तोंड करून फार वेळ बूट बांधत बसल्या. मग म्हणाल्या, चला, पानं मांडा, आणि आज प्रत्येकीनं काय लागलं ते सांगितल्याशिवाय उठायचं नाही.

त्या दिवसापासून घरात रोज मागची पंगत बंद झाली, असं मी सांगणार नाही, कारण तसं झालं नाही. ती मोडायला पुढे बरीच वर्षं लागली. मामंजींनी मात्र अधूनमधून, आपणहून, चुलीपुढे बसायला सुरुवात केली. बाईंबरोबर मी पुढे खूप फिरले, रतनगडला गेले, भंडारदऱ्याला गेले, आणि दर वेळी मी विचारायच्या आत आत्याबाईच विचारायच्या, यष्टी किती वाजता?

माझी मुलगी मोठी झाली आणि पुण्याला शिकायला जाते म्हणाली. आमच्या घराण्यात मुलगी एकटी परगावी राहिलेली नव्हती. तेव्हा सगळं घर मान खाली घालून बसलं. हे म्हणाले, बघू. भावजी म्हणाले, लोक काय म्हणतील. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माजघरातून आत्याबाईंचा आवाज आला. तोवर त्यांना नीट दिसतही नव्हतं, पण आवाज खणखणीत होता.

“जा गं तू. हितलं आमी बघतो.”